रॅपिड डिव्हिजन मोडा, सरळ यांत्रिक डिव्हिजन उभारा

वाळवंटी :
आपल्या लष्करात चिलखती (रणगाड्यांच्या) डिव्हिजन तीन, पण निव्वळ मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीची, म्हणजे चिलखती गाड्यांतून जाणाऱ्या यांत्रिक पायदळाची, एकही नाही. मधला मार्ग म्हणून ऐंशीच्या दशकात लष्करप्रमुख जनरल सुंदरजींच्या काळात 'रॅपिड' डिव्हिजन आल्या : प्रत्येकीत दोन ब्रिगेड साध्या पायदळाच्या, एक यांत्रिक. माझ्या मते धड हेही नाही, धड तेही नाही. एक ब्रिगेड बीएमपीतून (जवान नेणाऱ्या चिलखती गाडीतून) पुढे पळणार, दोन ट्रकमधून मागे, म्हणजे डिव्हिजनचा वेग शेवटी ट्रकचाच. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवरच्या हल्ल्यानंतर स्ट्राइक कोअर (शत्रूच्या हद्दीत घुसून हल्ला करणाऱ्या मोठ्या फौजा) सीमेवर पोचायला जवळपास तीन आठवडे गेले. तोवर पाकिस्तानच्या मुशर्रफ यांचं अतिरेकी संघटनांवर बंदी घालणारं भाषणही होऊन गेलं. सीमेजवळच्या रॅपिड पूर्ण यांत्रिक असतील तर पहिला धक्का त्याच देतील. बोला.

बांधावरून :
धक्का देतील, पण कुठे? राजस्थानात ठीक. पंजाबात पावलोपावली कालवे आणि त्यांवर बांध. बांधातले मोर्चे पायी जाऊनच घ्यावे लागतात, आणि त्या 'मागे राहिलेल्या' दोन ब्रिगेड त्यासाठीच आहेत. 1965 ला पंजाबातल्याच असल उत्तरला पाकिस्तानची चिलखती डिव्हिजन पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत रुतून बसली, विसरलात?

वाळवंटी :
रुतले ते पॅटन टँक हो. बीएमपी पाण्यावर तरंगते.

बांधावरून :
तरंगेल, पण पलीकडच्या उभ्या काठावर चढणार कशी? आणि पूल होईपर्यंत टँक अलीकडेच. टँकविना बीएमपी म्हणजे 14 टनांची पातळ चिलखताची गाडी. जवान उतरतात त्या मागच्या दारांतसुद्धा डिझेल भरलेलं असतं!

नगरी :
आमच्या नगरला (आता अहिल्यानगर) मेकचं (यांत्रिक पायदळाचं) केंद्र आणि रणगाड्यांचंही, त्यामुळे हा वाद इथे नवा नाही. तुम्ही दोघं गाड्या मोजताय, माणसं मोजा. बीएमपी-2 मध्ये चालक, तोफची आणि कमांडर गाडी सांभाळतात. उतरून लढायला फार तर सात. कोणी रजेवर, कोणी जखमी, की राहिले पाच. मार्च 2022 मध्ये कीवजवळ ब्रोवारीला रशियन टँकांचा ताफा रस्त्यावर दाटीवाटीने उभा राहिला आणि मार खाल्ला, कारण बाजूची शेतं-घरं तपासायला उतरलेलं पायदळच नव्हतं. पूर्ण यांत्रिक केलंत तर रायफलवाले आणखी घटतील. जिंकलेलं गाव धरून कोण बसणार?

वाळवंटी :
हे तर माझ्याच बाजूचं झालं! टँकांसोबत पायदळ हवं, आणि त्यांच्या वेगाने पोचणारं हवं. 8 ऑक्टोबर 1973 ला सिनाईत इस्रायलचे टँक जवळजवळ एकटेच पुढे गेले आणि इजिप्तच्या क्षेपणास्त्रांनी टिपले गेले. शिवाय ते सात जण रिकाम्या हाती येत नाहीत, पाठीशी 30 मिमी तोफ आणि काँकुर्स हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र असतं.

नगरी :
पायदळ हवं हे मान्य. डिव्हिजन कशाला? लष्कर स्वतःच छोट्या घडणीकडे चाललंय. 26 जुलै 2025 ला द्रासमध्ये लष्करप्रमुखांनी 'रुद्र' ब्रिगेड जाहीर केल्या : पायदळ, मेक, टँक, तोफखाना, ड्रोन, सगळं एकाच ब्रिगेडमध्ये. ड्रोनच्या डोळ्यांसमोर अख्खी डिव्हिजन गोळा करणं म्हणजे पत्ता लिहून देणं.

वाळवंटी :
आणि पहिली ब्रिगेड दोन दिवसांत थकली की? मागून ताजी फळी आणायची तर डिव्हिजनच लागते. निदान राजस्थानसाठी तरी मी मागे हटणार नाही.

बांधावरून :
राजस्थान तुमचं, घ्या. पंजाबात मात्र ताज्या फळीलाही पूल लागणार. तुमच्या डिव्हिजनमध्ये पूल टाकणारे इंजिनिअर किती धरलेत ते आधी सांगा, मग पुढचं बोलू.