साखरपुड्यात घरच्यांची आणि जिवलग मैत्रिणीची ओळख हसतखेळत कशी करून द्यावी?

मिरजेची लेक (प्रश्न)

नमस्कार. येत्या मार्गशीर्षात माझा साखरपुडा मिरजेत आमच्या राहत्या घरी होणार आहे. होणारे सासर इंदूरचे असून त्यांच्याकडची वीसेक मंडळी प्रथमच आमच्याकडे येत आहेत. विधी आटोपल्यावर आणि पाने मांडली जाण्यापूर्वी आमच्या घरच्यांची ओळख मीच करून द्यावी, असे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवले आहे. आमचे घर एकत्र आहे आणि एकमेकांची थट्टा केल्याशिवाय आमचा एकही दिवस सरत नाही, त्यामुळे ही ओळख नुसती नावे आणि नाती सांगून उरकावी असे मला वाटत नाही. मात्र घरात जी थट्टा प्रेमाची असते, ती परक्या कानांना उणेदुणे वाटू नये, याची चिंता आहे.

काय सांगायचे आहे ते थोडक्यात लिहिते. काका रेल्वेत गार्ड होते. त्या पदाला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या घरात ते गार्डच राहिले आहेत. आम्ही कुठेही निघालो की काका सर्वांत शेवटी उंबऱ्याबाहेर पडतात, दोनदा डोकी मोजतात, कुलूप ओढून पाहतात आणि मगच खिशातला रुमाल उंच धरतात. तो रुमाल हलल्याशिवाय बाबा गाडी सुरू करत नाहीत. आजी ब्याऐंशी वर्षांची आहे. मीरासाहेबांच्या दर्ग्यातील उरुसाच्या संगीतसभेला ती आजही जाते, आणि रागांची नावे न घेता ‘हा दिवेलागणीचा’, ‘हा झुंजुमुंजूचा’ अशी त्यांची ओळख सांगते. आई निवृत्त परिचारिका आहे. घरात कोणी शिंकले तरी तिची नजर आधी घड्याळाकडे जाते, कारण औषधाची वेळ नोंदवण्याची तिची सवय अजून सुटलेली नाही.

माझी मैत्रीण मिरजेच्या सतारमेकर घराण्यातली आहे. पाचवीत आम्ही एका बाकावर बसलो आणि त्यानंतर आमच्या घरातल्या प्रत्येक पंगतीत तिचे पान मांडले गेले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या संध्याकाळी तिच्या वडिलांच्या आधी आमच्या आजीनेच गल्लीत पेढे वाटले होते. तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद खुला आणि भरदार करायला, ती वडिलांकडून शिकली, आणि माणसांनाही ती त्याच कानाने ऐकते. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटून आल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘माणूस खुल्या जवारीचा आहे.’ मला दुसरी पसंती विचारण्याची गरजच उरली नाही.

आता खरी अडचण. माझी आत्या सांगलीला एकटी राहते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी पाण्याने केव्हाच ओलांडली होती, आणि आत्याच्या गल्लीत पाणी शिरू लागले होते. तेव्हा याच मैत्रिणीच्या वडिलांनी वाद्ये पोहोचवणारा टेम्पो तिला आणायला पाठवला. टेम्पोत गोधड्यांत गुंडाळलेले दोन तंबोरे आधीच होते. आत्या त्यांतल्या एकाचा भोपळा तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन मिरजेपर्यंत आली आणि दारात उतरल्यावरही तो कोणाच्या हाती देईना. हा प्रसंग आमच्याकडे दर दिवाळीला सांगितला जातो आणि सगळे पोट धरून हसतात. तो इंदूरकरांपुढे सांगावा का? आणि मैत्रिणीची ओळख कुटुंबाबरोबर करून द्यावी की शेवटी, निराळी?

निवृत्त शिक्षिका, सातारा

तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. ‘काका फार घाईचे आणि काटेकोर आहेत’ असे तुम्ही म्हटले असते तर पाहुण्यांना केवळ एक स्वभावदोष कळला असता. रुमालाची हकीकत सांगितल्यावर मात्र हसता हसता त्यांना हेही समजते की या घरात कोणी मागे राहू नये म्हणून एक माणूस नेहमी शेवटी निघतो. थट्टा माणसाच्या कृतीची असावी, आणि ती कृती कोणासाठी केली जाते ते त्याच वाक्यात दिसावे. रूप, वय, मिळकत, शिक्षण आणि हातची चव हे विषय पहिल्या भेटीत पूर्णपणे टाळावेत. वर्ष सरल्यावर ते घरातच निघतील आणि तेव्हा त्यांचा कोणाला त्रासही होणार नाही.

आईची ओळख मात्र थोडी लांबवा. घड्याळाची गोष्ट उत्तम आहे, पण ती एका वाक्यात संपते, आणि रात्रपाळ्या करून ज्या बाईने घर उभे केले तिच्या वाट्याला काकांपेक्षा कमी शब्द यावेत हे मला बरे वाटले नाही. बहुतेक घरांत असेच होते: ज्यांच्या लकबी ठळक त्यांच्यावर किस्से रचले जातात आणि जी व्यक्ती सर्वांना धरून असते तिच्याविषयी सांगण्यासारखे काही आठवत नाही. तुम्ही नीट आठवा, सापडेल.

इंदूरची सून

मी कोल्हापूरची, लग्न होऊन इंदूरला आले त्याला एकवीस वर्षे झाली. होळकरांच्या काळापासून तिथे राहिलेल्या मराठी घरांत मराठी उत्तम समजते, परंतु बोलण्यात हिंदी सहज मिसळलेली असते आणि आपली कृष्णाकाठची घाईघाईची बोली पहिल्या दिवशी त्यांना जड जाते. त्यामुळे सावकाश बोला आणि प्रत्येकाचे नाते आधी स्पष्ट सांगून मगच किस्सा सांगा. ‘माझ्या वडिलांचे थोरले भाऊ’ एवढे कळले की पुढचे हसू आपोआप जुळते. नाते न कळता ऐकलेल्या गमतीवर माणसे केवळ सौजन्याने हसतात.

लग्नघरातली थट्टा आपल्याला नवी नाही. विहिणींची पंगत बसली की गाण्यांतून त्यांना चिमटे काढले जात आणि पाठोपाठ मुलीला सांभाळून घेण्याची विनवणीही होई. पण ते सारे लग्न लागल्यानंतर, नाते पक्के झाल्यावर. साखरपुड्याला चिमटा जरा हलकाच असू द्यावा.

आत्यांचा प्रसंग सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या घरात तो हसण्याचा झाला आहे, कारण तुम्ही सर्वांनी त्या दिवसाची भीतीही पाहिली आहे. इंदूरच्या पाहुण्यांना केवळ मांडीवर भोपळा घेतलेली एक बाई दिसेल.

बडोद्याचा वाचक

वरील मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. त्या प्रसंगात तुमचे कुटुंब आणि तुमची मैत्रीण एकाच टेम्पोत आहेत, आणि याहून चांगली ओळख दुसरी मिळणार नाही. फक्त तो सांगण्याचा अधिकार तुमचा नसून आत्यांचा आहे. त्यांना आधी विचारा. त्या ‘सांग’ म्हणाल्या तरी एकदा त्यांच्यासमोर तो पूर्ण म्हणून दाखवा आणि त्या कुठे हसतात, कुठे गप्प होतात ते पाहा.

मैत्रिणीविषयी एक विनंती आहे. ‘ही मला बहिणीसारखी’ असे म्हणू नका. बहीण नशिबाने मिळते. पाचवीच्या बाकावरची मैत्रीण मात्र रोज नव्याने टिकवावी लागते. ‘जीवश्चकंठश्च’ हा शब्द मराठीत अशाच माणसांसाठी आहे. तिला शेवटी, पाहुण्यासारखे उभे करू नका. जिने गल्लीत पेढे वाटले त्या आजीच्या शेजारीच तिची जागा आहे.

मिरजेची लेक

सर्वांचे मनापासून आभार. काल सांगलीला जाऊन आले आणि आत्याला सारे वाचून दाखवले.

ती आधी खूप हसली. मग म्हणाली की, इतकी वर्षे तुम्ही ही गोष्ट अर्धीच सांगत आला आहात. तंबोरा जपावा म्हणून ड्रायव्हरने तो तिच्या मांडीवर दिला असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तिनेच तो मागून घेतला होता. घरातून निघताना हातात एक पिशवीसुद्धा घेता आली नव्हती, आणि लग्नानंतर इतक्या वर्षांत ती कधीही माहेरी रिकाम्या हाती आली नव्हती. ‘ओटीत काहीतरी हवे होते गं,’ ती म्हणाली, ‘दुसऱ्याचे का असेना.’ दारात तो कोणाच्या हाती का देत नव्हती, ते आम्हाला आज कळले. तिला तो स्वतः आत नेऊन देवापुढे ठेवायचा होता.

साखरपुड्याला हा प्रसंग आत्या स्वतः सांगणार आहे. तिने एकच अट घातली आहे: ती बोलत असताना माझी मैत्रीण तिच्याजवळ बसलेली हवी. काकांचा रुमाल कायम आहे. आईविषयी काय सांगायचे, तेही आजीकडून मिळाले. मी लहानपणी गोवराने आजारी असताना आई सलग अकरा रात्री रुग्णालयातून परतल्यावर माझ्या उशाशी बसून राहत असे, आणि सकाळी आजी तिला दटावून झोपवायला गेली की झोपेतही तिची दोन बोटे माझ्या मनगटावर नाडी मोजत असत.