बोअरचं पाणी, बाहेर ४२ अंश आणि क्रिप्टोकोरिनची पानं वितळतायत. कंद ठेवू की टाकू?

निळाई_लातूर

क्रिप्टोकोरिन या अळूच्या कुळातल्या पाणथळ रोपांसाठी ६० × ३० × ४५ सेंमीची काचेची टाकी आहे. तळाला ४ सेंमी पाणी, त्यात ७ सेंमीच्या जाळीच्या कुंड्या, म्हणजे मुळं ओली आणि पानं हवेत. वरून काचेचं झाकण. दोन क्रिप्टोकोरिन वेंडटी, एक बलान्से आणि लॅजेनँड्रा (क्रिप्टोकोरिनचं जवळचं भावंड) म्हणून मिळालेलं एक रोप. कुंड्यांत काळी माती आणि शेणखत निम्मं-निम्मं. पाणी बोअरचं, टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ११००, पीएच ८.२. टाकी पूर्वेच्या खिडकीत, सकाळी दोन तास ऊन. दुपारी टाकीत ३८ अंश.

मार्चपासून नवी पानं पिवळी निघतात, शिरा तेवढ्या हिरव्या. गेल्या आठवड्यात वेंडटीची पानं आधी काचेसारखी आरपार दिसू लागली आणि दोन दिवसांत लिबलिबीत होऊन पडली. कंद काढून टाकावेत का? आणि अळूच्या कुळातलं, पाणथळीतलं आणखी काय आपल्याकडे टिकेल?

गोदाकाठ_नांदेड

ताई, कंद उपटू नका. पान वितळणं म्हणजे रोप मेलं असं नाही. पाणी, उजेड किंवा तापमान यांपैकी काहीही एकदम बदललं की क्रिप्टोकोरिन पानं सोडून देतं आणि जीव कंदात धरून बसतं. गळालेली पानं देठ एक सेंमी ठेवून कात्रीने कापा, नाहीतर तीच सडून बाकीच्याला लागतात. कंद जागेवरून न हलवता बोटाने दाबून बघा. घट्ट लागला तर आहे तसाच राहू द्या, तीन-चार आठवड्यांत मधून नवा कोंब येतो. दाबल्यावर बोट आत गेलं, तपकिरी पाणी आलं, कुजका वास आला तर मात्र ती कुज आहे. मऊ भाग धारदार पात्याने पांढरा गाभा दिसेपर्यंत कापा आणि उरलेला तुकडा नव्या मिश्रणात लावा. या काळात रोप उपटून पुन्हा लावलं की मुळं तुटतात आणि वितळणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. सगळ्यात जास्त रोपं अशीच जातात.

टाकी आजच खिडकीतून काढा. झाकण लावलेल्या काचेत थेट ऊन गेलं की आतली हवा बाहेरच्यापेक्षाही तापते. या झाडांना २२ ते २८ अंश मानवतं. ३२ च्या वर दिवसेंदिवस राहिली की ती खचतात. घरातली उत्तरेकडची किंवा मधली खोली बघा. उजेडाला साधी पांढरी एलईडी पट्टी, बारा तास पुरे. उन्हाळ्यात ती संध्याकाळी सहा ते सकाळी सहा चालवा, म्हणजे दिव्याची उष्णता दुपारच्या उष्णतेत मिसळत नाही. भारनियमनात तास-दोन तास उजेड गेला तरी बिघडत नाही.

काचेच्या तिन्ही बाजूंना ओलं गोणपाट लावा, त्याचं खालचं टोक पाण्याच्या ट्रेमध्ये बुडलेलं राहू द्या. आपल्याकडची एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की माठासारखं काम होतं. मात्र खोलीला खिडकी किंवा पंखा हवा, कोंदट खोलीत गोणपाटाचा काही उपयोग नाही. आतला ओलावा झाकण सांभाळतं. झाकण एक बोटभर सरकवून ठेवा, पूर्ण बंद टाकीत पानांवर बुरशी धरते.

मोसंबीवाला_जालना

पिवळ्या पानांचं सांगतो. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, ही लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानातल्या मोसंबीवर हेच दिसतं. मातीत लोह असतं, पण पीएच ८ च्या पुढे ते मुळांना उचलता येत नाही. म्हणून साधं हिराकस (फेरस सल्फेट) टाकून फरक पडत नाही, ते लगेच गंजून बसतं. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे रसायनात बांधून विरघळलेलं ठेवलेलं लोह, मागताना पुडीवर त्या रसायनाचं नाव वाचा. ईडीटीए असेल तर ते साधारण साडेसहा पीएचपर्यंतच टिकतं, तुमच्या पाण्यात वाया जाईल. ईडीडीएचए घ्या, त्यात लोह ६ टक्के असतं. १० लिटर आरओच्या किंवा पावसाच्या पाण्यात १ ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा कुंडीच्या मिश्रणात ओता. पाणी लालसर होतं, घाबरू नका. पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होणार नाही, फरक नव्या पानात बघायचा.

खरा घोळ पाण्याचा आहे. तुमच्या टाकीत (६० × ३० × ४) सुमारे ७ लिटर पाणी आहे, त्यात ११०० टीडीएसने जवळपास ८ ग्रॅम क्षार झाले. बाष्पीभवनाने पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. रोज पाव लिटर उडालं आणि तेवढं बोअरचंच भरलं तर महिन्याभरात क्षार दुप्पट होऊन टीडीएस २२०० वर जातो. कुंडीच्या जाळीवर, पाण्याच्या रेघेशी पांढरी कड धरलेली दिसतेय का बघा. दिसत असेल तर सगळं पाणी काढा, कुंड्यांवरून कमी क्षाराचं पाणी दोन-तीनदा सोडून धुवा आणि नव्याने भरा. भरताना एक भाग बोअर आणि चार भाग आरओ. आरओ २० टीडीएसचा असेल तर मिश्रण २३५ च्या आसपास येतं. त्यानंतर उडालेलं पाणी फक्त आरओ किंवा पावसाच्या पाण्याने भरायचं, बोअरचा थेंबही नको.

आरओच्या नळाचं पाणी मीटरने मोजूनच घ्या. बऱ्याच मशीनमध्ये चव येण्यासाठी कच्चं पाणी मिसळायची तोटी असते, त्यामुळे दीडशे-दोनशे टीडीएस निघतो. सॉफ्टनरचं पाणी अजिबात नको. त्यात कॅल्शियम जाऊन त्या जागी सोडियम येतो, टीडीएस तेवढाच राहतो आणि मुळांना ते जास्त वाईट.

आणि रोप सावरलं की ती काळी माती काढा, आत्ता उपटू नका. पाण्यात फुगून ती इतकी घट्ट बसते की मुळांना हवा मिळत नाही. त्यात शेणखत कुजलं की तळ काळा पडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. मिश्रण असं: धुतलेलं कोकोपीट दोन भाग, जाड वाळू दोन भाग, जांभ्याची लाल माती एक भाग, पूर्ण कुजलेला पालापाचोळा एक भाग. तुम्हाला बीदरच्या बाजूची लाल माती जवळ पडेल. कोकोपीटात मीठ असतं, तीनदा भिजवून पिळा आणि शेवटचं पाणी मीटरवर बघा. वाळू चमचाभर घेऊन तिच्यावर संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका. फसफसली तर चुनखडी आहे, ती वाळू वापरू नका. लाल मातीलाही हीच परीक्षा. हे काम उघड्यावर, हातमोजे घालून करा. नवी पानं निघायला लागली की १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखेच) चार लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. त्याआधी खत देऊ नका.

कंदकूळ_परभणी

वरच्या दोघांनी पाण्याचा इलाज सांगितला. माझं म्हणणं, पाणी बघून झाड निवडावं. क्रिप्टोकोरिन म्हणजे सगळं एकसारखं नाही. बोर्निओच्या पीट (अर्धवट कुजलेल्या पाल्याच्या) दलदलीतल्या जाती आम्लयुक्त, जवळजवळ क्षारविरहित पाण्यातल्या. त्या आपल्याकडे आणू नयेत, कितीही सुंदर दिसोत. उलट बलान्से चुनखडीच्या भागातल्या ओढ्यांत वाढते, फिलिपिन्सची उस्टेरियानाही तशीच. श्रीलंकेची वेंडटी बरंच सोसते. सिलियाटा तर खाडीच्या मचूळ पाण्यातही राहते. सह्याद्रीच्या ओढ्यांतल्या स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस पावसाळ्यात पाण्याखाली असतात आणि पाणी उतरलं की फुलतात. त्या रोपवाटिकेतून घ्या, ओढ्यातून उपटून आणू नका. आफ्रिकेचा अनुबियास नाना कठीण पाण्यात निवांत राहतो. त्याचा आडवा खोड-कंद मातीत पुरायचा नाही, पुरला की कुजतो. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा.

तुमची लॅजेनँड्रा खरी आहे का, हे फुलाशिवायही कळतं. उमलत असलेलं पान बघा. दोन्ही कडा आत वळून मधल्या शिरेशी दोन बारीक सुरळ्या भिडलेल्या असतील तर लॅजेनँड्रा. एक कड दुसरीच्या आत जाऊन कागदाच्या पुंगळीसारखी एकच सुरळी असेल तर क्रिप्टोकोरिन. पान पूर्ण उघडलं की हा पुरावा जातो, म्हणून कोंब असतानाच भिंगातून बघावं.

बाहेर हौदात किंवा आडव्या कापलेल्या पिंपात लावायचं तर आपलं अळू आहेच, त्याला काळी माती आणि बोअरचं पाणी दोन्ही चालतं. दुपारची सावली मात्र हवी, नाहीतर पानांच्या कडा भाजतात. वेखंडही छान येतं. तेही पूर्वी याच कुळात धरायचे, आता त्याचं कूळ वेगळं मानतात. कंदाचे बोटभर तुकडे, प्रत्येकावर एक डोळा, जूनमध्ये ३० सेंमीवर आडवे आणि उथळ लावा, वर दोन-तीन सेंमी पाणी ठेवा. तलवारीसारखं पान चुरगळलं की सुवास येतो. अळूत तो नसतो.

अळू, क्रिप्टोकोरिन, अनुबियास, सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. त्यानेच घसा खाजतो, त्यासाठीच आपण अळूत चिंच घालतो. छाटणी करताना हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका, लहान मुलांच्या हाती तुकडे लागू देऊ नका. कळकळीने एक सांगतो: पिस्टिया म्हणजे गोंडाळ आणि टिकलीएवढं डकवीड हेही याच कुळातले, पण यांचं जास्त झालेलं पीक ओढ्यात, विहिरीत किंवा नाथसागरात टाकू नका. उन्हात वाळवून खतात घाला. एक गोंडाळ काही महिन्यांत अख्खं तळं झाकतं आणि खालच्या पाण्याला हवा-उजेड मिळत नाही.

निळाई_लातूर

फार मदत झाली. कोंब भिंगातून बघितला, एकच सुरळी आहे, म्हणजे लॅजेनँड्रा नाही. कंद दोन्ही घट्ट लागले, टाकी आतल्या खोलीत हलवली. पावसाचं पाणी गच्चीवरून धरलं तर चालेल का? किती साठवू? आणि बाहेरच्या पिंपात डास होतील त्याचं काय?

गोदाकाठ_नांदेड

सिमेंटच्या किंवा चुना लावलेल्या गच्चीवरून नको, पाणी चुना घेऊन येतं. रंग दिलेला पत्रा किंवा ताणून बांधलेली स्वच्छ ताडपत्री बरी. नवा जस्ताचा पत्रा टाळा. पहिले एक-दोन पाऊस वाहून जाऊ द्या, धूळ जाते. १० चौरस मीटरवर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर, गळती धरून ८० मिळतील. तुमच्या टाकीत रोज पाव लिटर उडतंय असं धरलं तर वर्षाला ९० लिटर, शिवाय महिन्यातून एकदा पूर्ण पाणी बदलायला ७ लिटर, म्हणजे आणखी ८४. दोनशे लिटरचं एक पिंप पुरतं. निळं प्लास्टिकचं घ्या, आधी कीटकनाशक भरलेलं नको. झाकण घट्ट, तोंडाला मलमल, जागा अंधारी, नाहीतर शेवाळ धरतं.

अळू-वेखंडाच्या पिंपात पाच-सहा गप्पी मासे सोडा, अळ्या खातात. टाकीत झाकणाची ती बोटभर फट मच्छरदाणीच्या जाळीने झाकून टाका. आणि वेंडटीला नवं पान आलं की ते आधीच्यापेक्षा लहान असेल, तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत खरा आकार येतो. तोवर काही बदलू नका.