अर्टिगा सीएनजी की कॅरेन्स डिझेल? रोज चालवायला कोणती बरी?

रंकाळाकाठ : आमच्याकडे मारुतीची अर्टिगा सीएनजी आहे, धाकट्या भावाकडे कियाची कॅरेन्स डिझेल, दोन्ही सात सीटच्या. दोन्ही भरपूर चालवल्यात. कोल्हापुरात रोज वापरायची असेल तर अर्टिगाच घ्यावी, असं माझं ठाम मत. एक तर क्लच हलका. शिवाय रुंदी १७३५ मिमी, कॅरेन्सची १८००. कागदावर साडेसहा सेंटिमीटर काहीच वाटत नाहीत, पण महाद्वार रोडला दोन्हीकडे दुचाक्या लावलेल्या असतात आणि समोरून रिक्षा येते, तेव्हा ते बरोबर कळतात. कॅरेन्सचं डिझेल इंजिन उत्तम आहे, त्यात वादच नाही. पण आपली गाडी वर्षातले बहुतेक दिवस शाळा, मंडई आणि दवाखाना एवढंच करते.

साखरपेकर : अजिबात पटलं नाही. मंडईत जायला वॅगनआर पुरते की! सात सीटची गाडी माणूस सात जणांसाठी घेतो. सातही जण बसवा, एसी लावा आणि साखरप्याहून आंबा घाट चढा. सीएनजीवर अर्टिगाचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, १२१.५ न्यूटन मीटर, तोही ४२०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे घेईल तेव्हा. वळणावर वेग पडला की दुसरा गिअर टाकून इंजिन पिळल्याशिवाय गाडी उचलत नाही. कॅरेन्स डिझेलला २५० न्यूटन मीटर १५०० आरपीएमपासूनच मिळतात. पुढे भरलेला ट्रक रांगतोय, रस्ता मोकळा दिसला, पाय दाबला की गाडी पुढे. ओव्हरटेक करताना आपण समोरच्या लेनमध्ये किती वेळ असतो, हा घरच्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आणि सीएनजीची टाकी डिकीत. तिसरी रांग भरल्यावर बॅगा ठेवता कुठे?

रंकाळाकाठ : टपावर, कॅरिअर लावलाय. घाट लागला की बटण दाबून पेट्रोलवर घेतो, फरक लगेच जाणवतो. तुमच्या डिझेलइतका जोर येत नाही, हे मान्य. पण मग डीपीएफचं, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचंही बोला. बीएस-६ डिझेलच्या त्या फिल्टरमध्ये काजळी साठते आणि ती जळायला इंजिन बराच वेळ सलग तापलेलं लागतं. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याने डिझेल घेऊच नये.

मागची सीट : दोघेही स्टिअरिंगमागूनच बोलताय. मी कायम मागे बसते, सासूबाईंना घेऊन. कॅरेन्समध्ये बटण दाबलं की मधली सीट आपोआप पुढे दुमडते, तिसऱ्या रांगेत शिरायला वाट होते. अर्टिगात ती हाताने ओढून सरकवायची. तिसऱ्या रांगेला कॅरेन्समध्ये छतातून एसीची हवा येते. आमच्या जुन्या अर्टिगात ती सोय मधल्या रांगेपुरतीच, त्यामुळे मे महिन्यात मागची मुलं लालबुंद होतात. सीएनजी भरताना तर सगळ्यांना खाली उतरावं लागतं. झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवून, चपला शोधून, भर उन्हात उभं करायचं, आणि पुढे रांग लागलेलीच असते.

साखरपेकर : ताई, अगदी खरं. एअरबॅगचंही सांगतो. कॅरेन्समध्ये २०२२ ला आली तेव्हापासून सगळ्या मॉडेलना सहा आहेत. अर्टिगात सरसकट सहा मिळायला २०२५ उजाडलं. जुनी घेणाऱ्यांनी हे आधी बघावं.

रंकाळाकाठ : ताई, उतरण्याच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर तो मोठाच त्रास. तरी माझं मत तेच. भावाची गाडी गर्दीत न्यायला आमच्या हिला धास्ती वाटते, अर्टिगा ती स्वतःहून काढते. सासऱ्यांना डायलिसिसला तीच नेते-आणते, माझी वाट बघत बसत नाही. आमच्या घरात याहून मोठा उपयोग दुसरा नाही.

साखरपेकर : वहिनींसाठी तीच गाडी बरोबर. नवीन घेणाऱ्यांना मात्र एवढंच सांगेन, टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. शोरूमवाला सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतो. घरचे सगळे बसवा आणि गाडी पन्हाळ्याच्या चढाला न्या.