अनुभव धागा : तुमच्या जीवशास्त्र विभागात काय सापडलं?

मंडळी, 'आविष्कार' ही विद्यापीठांची संशोधन-प्रकल्प स्पर्धा जवळ आली की कॉलेजांमध्ये प्रकल्पांची धांदल उडते. पोस्टरं छापून होतात, बक्षिसं मिळतात आणि मग त्या फायली विभागाच्या कपाटात जाऊन पडतात. त्यातलं बरंच काही मला फार मोलाचं वाटतं. नवी प्रजाती सापडली तर बातमी होतेच. पण पुस्तकातली गोष्ट आपल्या डोळ्यांना दिसली, किंवा दिसायला हवी होती ती दिसलीच नाही, हे कुणी लिहून ठेवत नाही. ते इथे लिहा. विद्यार्थी, शिक्षक, प्रयोगशाळेतले मामा-मावशी, सगळ्यांनी. कॉलेजचं नाव नको, विषय आणि जिल्हा पुरे. सुरुवात मीच करते.

प्राणीशास्त्र, सांगली जिल्हा

यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) 2014 मध्ये प्राण्यांची विच्छेदनं बंद केली. बेडूक सुटले याचा आनंदच आहे, पण प्रात्यक्षिकाच्या तासाला मुलं नुसते तक्ते आणि संगणकावरची चित्रं बघत बसायची, याची चुटपुट लागून राहायची. आमच्या जुन्या इमारतीच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी राहते. घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, हाडं आणि केस पचत नाहीत, त्यांचा घट्ट गोळा होतो आणि तो ते तोंडावाटे टाकून देतं. माळ्यावर अशा गोळ्यांचा सडा पडलेला. मामांनी ते सुपात गोळा करून आणले, आम्ही ओव्हनमध्ये तापवून घेतले आणि कोमट पाण्यात भिजवले.

आधी नाकाला रुमाल लावून लांब उभी राहिलेली मुलं थोड्याच वेळात चिमटे-सुया घेऊन टेबलावर ओणवी झाली. खालचे जबडे वेगळे काढायचे, डावे किती, उजवे किती ते मोजायचं. ज्या बाजूचे जास्त भरतील निदान तेवढे प्राणी घुबडानं खाल्ले. उंदराचे पुढचे दात नारिंगी असतात आणि ते दात व दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. एका मुलीच्या हाती आलेल्या कवटीत ही जागाच नव्हती. पांढरे, टोकदार दात ओळीनं मागपर्यंत. "मॅडम, हा उंदीर नाहीये." खरंच नव्हता. चिचुंद्री होती ती, कीटक खाणारी. दिसायला उंदरासारखी असली तरी कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातली नाहीच. हा फरक मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलेय, तिनं तो चिमट्यात धरून दाखवला.

बरीचशी मुलं शेतकऱ्यांच्या घरची. घुबड घरावर बसलं की अपशकुन, हे ऐकत वाढलेली. एकानं जबड्यांचा तक्ता घरी नेऊन आजीला दाखवला. आजी म्हणाली, "एवढं उंदीर खातंय व्हय? मग बसू दे की." त्या प्रकल्पाला बक्षीस मिळालं नाही. माझ्या दृष्टीनं तो विभागातला सगळ्यात चांगला प्रकल्प.

वनस्पतिशास्त्र, नाशिक जिल्हा

2020 मध्ये कॉलेज बंद पडलं तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. घरी फोल्डस्कोप होता, स्टॅनफर्डचे शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांच्या गटानं तयार केलेला तो कागदी सूक्ष्मदर्शक. पानावर नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, वाळला की चिकटपट्टीनं हलकेच सोलायचा, पर्णरंध्रांचा, म्हणजे पान ज्यांतून हवा घेतं त्या बारीक छिद्रांचा, ठसा त्यावर उमटतो. आंब्याच्या पानाच्या खालच्या बाजूला रंध्रंच रंध्रं, वरच्या बाजूला शोधून शोधून एकही नाही. शेजारच्या काकूंच्या हौदातल्या कमळाचं पान आणलं तर सगळी रंध्रं वरच्या बाजूला. पाण्यावर टेकलेल्या बाजूनं हवा घेणार तरी कशी? वाचलेलं होतं हे. पण फोनच्या कॅमेऱ्यातून आईला दाखवताना तिनंच आधी कारण सांगितलं.

प्राणीशास्त्र, एम.एस्सी., रत्नागिरी जिल्हा

मॅडम, तुम्ही 'दिसलीच नाही' असं लिहिलंत म्हणून हे लिहितोय. वाळवीच्या आतड्यात लाकूड पचवणारे प्रोटोझोआ, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय जीव, असतात, हे आम्हाला पाठ होतं. कॉलेजमागच्या वारुळातून वाळवी आणली, मिठाच्या सौम्य द्रावणात आतडं उलगडलं, काच लावली. काहीच नाही. दुसरी घेतली, तिसरी घेतली, तरी नाही. सर म्हणाले, आता आपल्या कपाटाच्या चौकटीतली वाळवी बघ. त्या काचेवर नजर ठरेना. नुसती वळवळ, कशाभिकांचे (चाबकासारख्या बारीक धाग्यांचे) झुबके हलवत एकमेकांना ढकलणारे जीव, आतड्यात दुसऱ्या कशाला जागाच नसावी असे.

मग कारण शोधत बसलो. वारूळ बांधणारी आमच्याकडची वाळवी वेगळ्या कुळातली. ती वारुळात बुरशीची शेती करते. चावलेल्या लाकूड-पाल्याचे स्पंजासारखे सच्छिद्र गड्डे रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि पचनाचं मोठं काम बुरशीकडून करून घेते. तिला ते प्रोटोझोआ लागतच नाहीत. पावसाळ्यात वारुळांवर जी अळंबी उगवते आणि जिच्यासाठी आमच्याकडे पहाटे उठून माणसं रानात जातात, ती याच बुरशीची. लहानपणापासून खात आलोय, तिचं मूळ त्या रिकाम्या काचेमुळे कळलं. जर्नलमध्ये 'निरीक्षण : आढळले नाहीत' असं लिहिलं आणि सरांनी त्याखाली लाल शाईनं 'उत्तम' लिहिलं.

(धागाकर्ती : असे 'आढळले नाहीत' अजून येऊ द्या. ते खोडून पुस्तकातली आकृती काढायला लावणं बंद झालं पाहिजे.)

निवृत्त प्रयोगशाळा परिचर, सातारा जिल्हा

नमस्कार. मुलं मला मामा म्हणायची. माझं एकच सांगणं आहे, लेबलाचं. विभागात बरण्यांमध्ये साप, विंचू, मासे, गोगलगायी, किती सुंदर नमुने होते. पण लेबल बाहेरून डकवलेलं, ओल लागून निघून गेलेलं. नाहीतर पेनानं लिहून आत टाकलेलं, अल्कोहोलमध्ये शाई उतरून कागद कोरा. मासा कोणत्या नदीतला हेच कळत नसेल तर तो नुसता शोभेचा. जाड कागद घ्या, शिसपेन्सिलीनं लिहा आणि बरणीच्या आत टाका. पेन्सिल पुसत नाही. तारीख, गाव, नदी-ओढा-शेत जे असेल ते, पकडणाऱ्याचं नाव. ज्यांच्याकडे जुन्या बरण्या आहेत त्यांनी निवृत्त सरांना, मामांना एकदा बोलावून घ्या. कुठली बरणी कुणी कुठून आणली होती हे आम्हाला अजून आठवतं.