लिनक्स मिंटमध्ये निवडक अनुप्रयोगांनाच उजळ थीम कशी द्यावी?

प्रश्न
मी नागपुरातील महाल भागातल्या घरी मराठी मजकुराचे मुद्रितशोधन करतो. संगणकावर लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली असून रात्रीच्या कामासाठी तिला ‘मिंट-वाय-डार्क’ ही गडद थीम लावलेली आहे. मात्र काळ्यावरील पांढऱ्या अक्षरांच्या कडा मला पसरल्यासारख्या दिसतात व अनुस्वार नजरेतून निसटतात. शिवाय उन्हाळ्याच्या दुपारी पश्चिमेच्या खिडकीचे प्रतिबिंब गडद पडद्यावर इतके ठळक उमटते, की मजकुराआधी खिडकीतला कूलरच दिसतो. बाकी सर्व गडद ठेवून केवळ लिब्रेऑफिस रायटर (मजकूर लिहिण्याचा अनुप्रयोग) आणि एक्सरीडर (पीडीएफ वाचण्याचा अनुप्रयोग) उजळ करता येतील काय?

उत्तर १
येतील. हे दोन्ही अनुप्रयोग मिंटवर जीटीके ३ या, खिडक्या व बटणे रेखाटणाऱ्या साधनसंचाच्या आधारे खिडक्या रंगवतात, आणि सुरू होताना ‘जीटीके_थीम’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (अनुप्रयोगाला सुरू होताना मिळणाऱ्या नामांकित मूल्यामध्ये) थीमचे नाव आढळल्यास ते प्रणालीच्या थीमऐवजी तीच वापरतात. मेनू एडिटरमध्ये (मेनूतील नोंदी बदलण्याच्या साधनात) त्या अनुप्रयोगाच्या कमांडपूर्वी ‘एन्व्ह’, मग जागा सोडून ‘जीटीके_थीम=मिंट-वाय’ आणि पुन्हा जागा सोडून मूळ कमांड, असे लिहावे. अक्षरे अर्थातच रोमन हवीत: env GTK_THEME=Mint-Y. व्हेरिएबलचे नाव संपूर्ण मोठ्या लिपीत लिहावे. हा बदल आपल्या होम फोल्डरातील प्रतीत साठवला जात असल्याने प्रणालीच्या मूळ फाइलीला धक्का लागत नाही.

उत्तर २
वरील उपायाने अनुप्रयोगाचे मेनू उजळतील. रायटरमधील कागदाचा रंग हा वेगळा विषय आहे. तो काळाच राहिल्यास लिब्रेऑफिसच्या ‘ऑप्शन्स’मधील रंगांच्या विभागात दस्तऐवजाची पार्श्वभूमी ‘ऑटोमॅटिक’वर न ठेवता स्वतः पांढरी निवडावी. एक्सरीडरमध्ये पीडीएफचे पान काळे दिसत असेल, तर ‘व्ह्यू’ मेनूतील रंग उलटे करण्याचा पर्याय चुकून सुरू राहिला आहे का, हेही पाहावे.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे आभार. एक्सरीडर लगेच उजळला. रायटर मात्र कमांड दोनदा तपासूनही गडदच उघडतो.

उत्तर १
त्या वेळी कॅल्क (लिब्रेऑफिसचा तक्त्यांचा अनुप्रयोग) उघडे होते काय? लिब्रेऑफिसचे सर्व भाग एकाच प्रक्रियेत चालतात, त्यामुळे जो भाग प्रथम सुरू होतो त्याची थीम नंतर उघडणाऱ्यांनाही लागते. सर्व खिडक्या बंद करून पाहावे, आणि कॅल्कच्या कमांडमध्येही हाच बदल करावा.

प्रश्नकर्ता
देयकाचा तक्ता सकाळपासून कॅल्कमध्ये उघडाच होता. तो बंद केल्यावर रायटर उजळ उघडला.