मदत हवी आहे: पीसीतले सगळे दिवे एकाच मंद रंगात कसे आणू?

नवीन गेमिंग पीसी जुळवतोय. मला खरं तर काळी, बिनदिव्यांची केस (पीसीची पेटी) आवडते, पण हवी ती रॅम आणि ग्राफिक्स कार्ड दिव्यांशिवाय मिळेनात. मग ठरवलं, दिवे असू देत, पण सगळीकडे एकच पिवळसर पांढरा, स्थिर रंग. त्या सप्तरंगी लाटा ज्यांना आवडतात त्यांना लखलाभ, मला डोळ्याच्या कोपऱ्यात सतत काहीतरी पळताना सहन होत नाही.

अडचण अशी: तीन पंखे ५ व्होल्टचे, ३ पिनचे एआरजीबी (प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा बदलता येणारे) आहेत आणि मदरबोर्डवर तसा हेडर (वायर जोडायची जागा) एकच. दुसरा १२ व्होल्टचा, ४ पिनचा. त्यावर हे लावले तर एलईडी जळतील, तेव्हा तो सल्ला नको. तिन्ही पंखे एकाच हेडरला जोडणारा स्प्लिटर पुरेल की दिव्यांसाठी वेगळा कंट्रोलर घेऊ?

रॅमच्या दिव्यांना वायरच नसते, रंग सॉफ्टवेअरनेच बदलायचा. प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप टाकायची तयारी नाही. ओपनआरजीबी (वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे एकाच ठिकाणून चालवणारं सॉफ्टवेअर) कुणी रोज वापरतं का? शिवाय पंख्यांचा पांढरा निळसर आणि रॅमचा गुलाबी दिसतो. तो जुळवायला लाल-हिरवा-निळा यांचे आकडे प्रत्येक भागासाठी वेगळे ठेवता का?