पॉप्लरचे तीस नगरसेवक तुरुंगात गेले : बरोबर केलं का?

पूर्व_लंडनवासी (धागाकर्ता)

पूर्व लंडनमध्ये बो रोडवर एका इमारतीच्या भिंतीतून बाहेर आलेलं घड्याळ आहे. त्यावर मिनी लॅन्सबरी हे नाव आहे. कित्येक वर्षं मी त्याखालून बसने गेलो आणि वेळ बघण्यापलीकडे त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ही बाई कोण, हे कळल्यापासून मात्र एक प्रश्न डोक्यात आहे. तो इथे मांडतो.

आधी पार्श्वभूमी. १८९९च्या कायद्याने लंडनमध्ये २८ मेट्रोपॉलिटन बरो, म्हणजे भागाभागाच्या नगरपालिका, झाले. त्यातला पॉप्लर हा गोदी कामगारांचा. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाहीतर घरी परत. १९१९च्या निवडणुकीत तिथे मजूर पक्षाने ४२पैकी ३९ जागा जिंकल्या आणि जॉर्ज लॅन्सबरी महापौर झाले.

बरोचं उत्पन्न म्हणजे रेट्स. आपली घरपट्टीच, फक्त ती मालकावर नसून राहणाऱ्यावर. जागेच्या भाड्याच्या किमतीवर ती आकारायची. वेस्टमिन्स्टरमध्ये हवेल्या आणि कचेऱ्या, पॉप्लरमध्ये दोन खोल्यांची घरं. त्यामुळे पौंडामागे एक पेनी लावली की वेस्टमिन्स्टरच्या तिजोरीत पॉप्लरच्या कित्येक पट पैसा यायचा. उलट बेकारांना मदत द्यायचा बोजा पॉप्लरवरच जास्त, आणि तोही याच पट्टीतून भागवायचा. शिवाय लंडन काउंटी कौन्सिल (सगळ्या लंडनची वरची नगरसभा), पोलीस, पाणी मंडळ आणि असायलम बोर्ड या चार संस्थांची ठरलेली रक्कम बरोनेच गोळा करून द्यायची. तिला प्रीसेप्ट म्हणत.

मार्च १९२१मध्ये पॉप्लरने ठरवलं की या चौघांसाठीची पट्टी लावायचीच नाही. काउंटी कौन्सिल आणि असायलम बोर्ड कोर्टात गेले. २९ जुलैला नगरसेवक बँड लावून, बरोचा राजदंड पुढे धरून चालत हायकोर्टात गेले. ‘कदाचित तुरुंगाकडे’ असं त्यांच्या फलकावरच लिहिलेलं होतं. सप्टेंबरमध्ये तीस जणांना अटक झाली. पुरुष ब्रिक्स्टनला, बायका हॉलोवेला. त्यातल्या नेली क्रेसल गरोदर होत्या. सभा तरीही थांबल्या नाहीत. हॉलोवेच्या बायकांना गाडीतून ब्रिक्स्टनला आणलं जाई आणि तुरुंगातच कौन्सिल भरे!

सहा आठवड्यांनी सगळे सुटले. त्याच वर्षी कायदा बदलला आणि गरिबांना घरबसल्या दिल्या जाणाऱ्या मदतीचा खर्च सगळ्या लंडनवर वाटला गेला. तुरुंगात गेलेल्यांपैकीच एक मिनी लॅन्सबरी, म्हणजे जॉर्ज यांची सून, १ जानेवारी १९२२ला न्यूमोनियाने गेली. वय ३२.

माझं मत स्पष्ट आहे. त्यांनी योग्य केलं. बोजा कुणावर किती हे ज्या नगरसभेला ठरवता येत नाही, ती नुसती वसुली कारकून. पॉप्लरने ते काम नाकारलं.

हिशेबतपासनीस

लेख आवडला, मत पटलं नाही. मी इंग्लंडमधल्याच एका बरोच्या हिशेब खात्यात काम करतो, म्हणून लिहितो.

त्या चार संस्थांची नावं पुन्हा वाचा. काउंटी कौन्सिल शाळा चालवत होती. असायलम बोर्डाची साथीच्या तापाची रुग्णालयं होती, आणि तिथे पॉप्लरचीही मुलं जात होती. पॉप्लरने थांबवलेला पैसा सरकारच्या खिशातला नव्हता, शेजारच्या गरिबाच्या खाटेचा होता. अठ्ठावीसही बरोंनी हाच मार्ग धरला असता तर कायदा बदलायच्या आधी रुग्णालयं बंद पडली असती. हॅकनीचे महापौर हर्बर्ट मॉरिसन मजूर पक्षाचेच होते, त्यांचाही या मार्गाला विरोध होता. पुढे १९३४मध्ये तेच काउंटी कौन्सिलचे नेते झाले आणि कायद्यात राहून लंडनभर कामं केली. या विरोधाला भित्रेपणा म्हणणं अन्याय आहे.

गोदीकाठची

@हिशेबतपासनीस, ‘अठ्ठावीसही बरोंनी’ हा युक्तिवाद मला कधीच समजत नाही. अठ्ठावीसही बरो गरीब नव्हते, हाच तर मुद्दा होता! वेस्टमिन्स्टरला असं करायची गरज कधी पडणार होती?

आणि आधी कायदेशीर मार्ग नव्हता असं नाही. श्रीमंत-गरीब बरोंमध्ये समानता आणा ही मागणी पॉप्लरच्या कितीतरी आधीपासूनची. १८६७पासून एक सामाईक गरीब निधी होताही, पण त्यातून मुख्यतः वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घेणाऱ्या सरकारी आश्रमात, ठेवलेल्यांचा खर्च वाटून घेत. माणूस घर मोडून वर्कहाउसमध्ये गेला तर सगळं लंडन पैसे देणार, आणि घरी बायकामुलांसोबत राहून मदत मागितली तर खर्च एकट्या पॉप्लरचा. ही तरतूद ज्यांनी पन्नासेक वर्षं चालू दिली ते सगळे कायद्यातच होते. ती बदलली ती तीस लोक आत गेल्यावर, काही आठवड्यांत.

शनिवारपेठी

पुण्यातून लिहितोय. लंडनच्या कारभाराचा अभ्यास नाही, पण वाचताना महात्मा फुले आठवले. ते १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या पुणेभेटीसाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा शिक्षणावर खर्च करा म्हणाले. तुरुंगात जावं लागलं नाही, पालिकेचं कुठलं देणं अडवलं नाही, तरी ते एक मत आज दीडशे वर्षांनी आपण सांगतो. सभागृहात निर्भयपणे बोलणं हे नगरसेवकाचं खरं शस्त्र. पैसे अडवणं नाही.

पूर्व_लंडनवासी

फुल्यांचा दाखला मोलाचा आहे. पण फरक बघा. फुले सरकारनियुक्त सदस्य होते आणि सभागृहात एकटे पडले. पॉप्लरमध्ये बहुमत यांचं होतं. एकट्याने आपलं मत नोंदवायचं असतं. बहुमत हातात असलेल्याने नुसतं मत नोंदवून घरी जायचं? मग मतदारांनी ४२पैकी ३९ जागा कशासाठी दिल्या?

हिशेबतपासनीस

कायद्याने दिलेली सत्ता वापरायला दिल्या. कायद्याबाहेर जायला नाही. माझ्या दृष्टीने पॉप्लरची त्यानंतरची गोष्ट जास्त शिकवणारी आहे, आणि ती या धाग्यात अजून आलेली नाही.

पॉप्लरने आपल्या कामगारांना, पुरुष असो की बाई, आठवड्याला किमान चार पौंड द्यायचं ठरवलं होतं. पुढे महागाई उतरली, पगार तोच राहिला. जिल्हा लेखापरीक्षकाने आक्षेप घेतला आणि पाच हजार पौंड नगरसेवकांकडून वैयक्तिक वसूल करायला सांगितले. याला सरचार्ज म्हणत. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं आणि १९२५मध्ये पॉप्लर हरलं.

गोदीकाठची

त्या निकालातली भाषाही सांगा ना. स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याच्या इच्छेला लॉर्ड अॅटकिन्सन यांनी ‘स्त्रीवादी महत्त्वाकांक्षा’ म्हटलं आणि नगरसेवक विक्षिप्त समाजवादी परोपकाराच्या आहारी गेल्याचा ठपका ठेवला. हे हिशेबतपासणीचं काम आहे? आज कुठलाही बरो बाईला त्याच कामाचा कमी पगार देऊ शकत नाही. १९२५च्या कायद्याच्या नजरेत जे चुकीचं, ते आज कायद्यानेच सक्तीचं आहे. मग ‘कायद्यात राहा’ म्हणजे नेमक्या कोणत्या वर्षाच्या कायद्यात?

हिशेबतपासनीस

निकालाची भाषा वाईट आहे, मान्य. वेतनाच्या मुद्द्यावर पॉप्लर काळाच्या पुढे होतं हेही मान्य.

पण लेखापरीक्षकाचं ते हत्यार पुढे कुणावर चाललं? १९८७पासून वेस्टमिन्स्टर कौन्सिलने निसटत्या बहुमताच्या वॉर्डांमधली कौन्सिलच्या मालकीची भाड्याची घरं विकायला काढली, म्हणजे तिथे आपले मतदार येतील. नेत्या होत्या शर्ली पोर्टर. लेखापरीक्षकाने ते बेकायदा ठरवलं, २००१मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने शिक्कामोर्तब केलं आणि २००४मध्ये त्यांनी १.२३ कोटी पौंड भरले. गरिबांना घराबाहेर ठेवणाऱ्या कौन्सिलला पकडणारा नियम तोच होता : लोकांचा पैसा कायद्याने सांगितलेल्या कामालाच. ‘आमचा हेतू चांगला’ म्हणून पॉप्लरला सूट दिली तर पोर्टरबाईंच्या पक्षालाही वाटत होतंच की आपला हेतू चांगला.

शनिवारपेठी

हा मुद्दा बिनतोड आहे.

पूर्व_लंडनवासी

बिनतोड नाही, पण मला अडचणीत टाकणारा आहे. वेस्टमिन्स्टरचं प्रकरण माहीत होतं, पॉप्लरशी जोडून कधी पाहिलं नव्हतं.

फरक मी असा करेन. पॉप्लरने जे केलं ते उघड ठराव करून केलं आणि शिक्षा स्वतः भोगायला चालत गेले. वेस्टमिन्स्टरमध्ये खरा हेतू लपवला होता. शिक्षा भोगायची तयारी ठेवून उघडपणे कायदा मोडणं आणि लपूनछपून सत्ता वाकवणं, यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

हिशेबतपासनीस

नीतीच्या तराजूत नाही, हे कबूल. वहीत मात्र दोन्ही नोंदी एकाच रकान्यात जातात, आणि मी वही लिहिणारा माणूस आहे. १९८५मध्ये लॅम्बेथ आणि लिव्हरपूलचे नगरसेवक सरकारने पट्टीवर घातलेल्या मर्यादेविरुद्ध उभे राहिले. त्यांनीही उघडच केलं. सरचार्ज झाला, नगरसेवकपद गेलं, कायदा बदलला नाही. पॉप्लर जिंकलं म्हणून आपण भित्तिचित्र काढतो.

गोदीकाठची

हरले म्हणून चूक ठरत नाहीत. आणि पॉप्लरचा प्रश्न तरी कुठे मिटलाय? पॉप्लर, स्टेपनी आणि बेथनल ग्रीन मिळून १९६५मध्ये टॉवर हॅम्लेट्स झालं, आणि आज तिथला कौन्सिल टॅक्स, म्हणजे आताची घरपट्टी, हाही घराच्या १ एप्रिल १९९१च्या किमतीवर ए ते एच असे पट्टे पाडून बसतो. वेस्टमिन्स्टरचा कर देशातल्या सर्वांत कमी करांमध्ये आहे. ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर सार्वमत घ्या, असा २०११चा कायदा. दर मार्चमध्ये बिल येतं, त्यात बरोचा हिस्सा वेगळा आणि सगळ्या लंडनचा कारभार बघणाऱ्या ग्रेटर लंडन अथॉरिटीचा वेगळा छापलेला असतो. तो दुसरा आकडा म्हणजे प्रीसेप्टच. बरो अजूनही दुसऱ्याचा पैसा गोळा करून देतोय.

@हिशेबतपासनीस, एकच विचारते. मार्च १९२१मध्ये तुम्ही पॉप्लरच्या सभागृहात असता तर हात वर केला असता का?

हिशेबतपासनीस

नसता केला. चारही देणी चुकती करून उरलेल्या पैशात मदत कापायचा ठराव मला मांडावा लागला असता, आणि तो कुणाच्या ताटातून कापायचा याचं उत्तर माझ्याकडे नाही. दोन दिवस यावर विचार करतोय.